गाऱ्याचा वास

त्यांना सगळे नाकवाले म्हणत, आणि त्यांनाही ते आवडायचं. चाळीस वर्षं मातीचा गिलावा करत आलेला माणूस. थापी काय, ती कुणाच्याही हातात चालते. पण मुरत घातलेल्या गाऱ्यावर नुसतं वाकून “आज नको, परवा” असं सांगणारं नाक त्या भागात दुसरं नव्हतं. माती, वाळू, भुसा आणि पाणी खड्ड्यात कालवायचं, रोज तुडवायचं आणि दहा-बारा दिवस मुरू द्यायचं. कच्चा राहिला तर गिलावा भिंत सोडतो, फार कुजला तर भुशात जीव राहत नाही आणि भिंत तडकते. मधला तो नेमका दिवस नाकवाले वासावरून पकडायचे. त्यांच्या भिंतीला भेग नाही, पोपडा नाही, बुरशी तर नाहीच नाही.

दोन हिवाळ्यांमागे त्यांना ताप आला. पंधरा दिवसांनी तो गेला आणि जाताना वास घेऊन गेला. आधी त्यांना वाटलं, सर्दी आहे, उतरेल. सर्दी उतरली, नाक मोकळं झालं, हवा आत-बाहेर झकास जाऊ लागली. पण साबण, धूर, ओली माती, सगळं एकसारखंच. त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. नाकवाले म्हणवणाऱ्या माणसानं हे कुणाच्या तोंडावर कसं सांगायचं? त्यांना मनापासून लाज वाटत होती.

मग ते डोळ्यांवर आणि बोटांवर काम भागवू लागले. गारा चिमटीत घेऊन तार धरतोय का बघायचं, रंग किती काळवंडला ते बघायचं. वाकणं मात्र त्यांनी सोडलं नाही. खड्ड्याशी जायचं, गुडघ्यांवर हात ठेवायचे, डोळे मिटायचे, नाकपुड्या फुगवायच्या आणि सावकाश मान डोलवायची. बघणारे गप्प होत. नवल म्हणजे दीड-दोन वर्षांत एकही भिंत बिघडली नाही. नाकवाल्यांनी स्वतःची समजूत घातली, की नाक गेलं तरी सवय हाडात आहे, ती दगा द्यायची नाही.

घरात ते आणि सून. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा ट्रक चालवायचा आणि महिन्यातून दोनदा दाराशी दिसायचा. गारा तुडवायचं काम चौदा वर्षं सुनेकडे होतं. तिच्या पायांची बोटं पसरट झाली होती आणि टाचांच्या चिरांत माती कायमची बसली होती. बोलायला ती मोजकी. हल्ली मात्र तिच्या तक्रारी फार वाढल्या होत्या, असं नाकवाल्यांचं मत होतं. “उद्या भिंतीला हात घालू” म्हटलं, की हिचे पाय दुखायचे.

“मामंजी, एक दिवस थांबू या का? पाय उचलवत नाहीत.”

“तुझे पाय बघून गारा मुरत नसतो, सूनबाई.”

असं म्हणत म्हणत ते थांबायचे. न थांबून करतात काय, तुडवायला दुसरं कोण होतं? एकदा तर त्यांनी अजून दोन दिवस सांगितले, आणि ही म्हणाली की उद्याच उरकू, परवापासून माझी कंबर धरेल. “धरेल म्हणे! कंबर काय निरोप पाठवून धरते?” ते दिवसभर पुटपुटत राहिले. आळस शिरलाय हिच्या अंगात, असं त्यांनी मुलापाशीही एकदा बोलून दाखवलं होतं.

त्या वर्षी पाऊस जायचं नावच घेईना. सुगी आटोपली तरी रोज दुपारी आभाळ खाली यायचं आणि अंगण ओलं करून जायचं. अशा दिवसांत मास्तरीणबाईंचं काम आलं. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या यजमानांनी पस्तीस वर्षं पिठाची गिरणी चालवली होती आणि ते सगळं पीठ छातीत साठवून ठेवलं होतं. गिरणीवाल्यांना आडवं झालं की श्वास लागायचा, म्हणून ते ओसरीवरच्या खुर्चीत बसून झोपत. सिमेंटच्या खोलीला ओल सुटायची. डॉक्टर म्हणाले, कोरड्या खोलीत ठेवा. बाईंनी परसात मातीच्या विटांची खोली उभी केली आणि गिलाव्याला नाकवाल्यांनाच बोलावलं.

“थंडीच्या आत त्यांना आत न्यायचंय,” बाई म्हणाल्या. “तुमच्या भिंतीवर माझा भरवसा आहे.”

“निर्धास्त राहा,” नाकवाले म्हणाले.

नेमकी त्याच आठवड्यात सुनेची आई माडीच्या पायऱ्यांवरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. सून बारा-तेरा दिवसांसाठी माहेरी गेली. जाताना उंबऱ्यापाशी घुटमळली.

“मामंजी, मी येईपर्यंत भुसा नाही आणला तर?”

“का? तुझ्यावाचून भुसा उतरवता येत नाही मला?”

“तसं नाही. पाऊस आहे म्हणून.”

“पाऊस मला दिसतो. जा तू, आईकडे बघ.”

भुसा दुसऱ्याच दिवशी ट्रॅक्टरमधून आला. वरचा थर पिवळा, चकचकीत. नाकवाल्यांनी रिवाजाप्रमाणे कोपरापर्यंत हात आत खुपसला, तळातली मूठ बाहेर काढली, नाकाशी धरली आणि डोळे मिटले. भुसेवाला, बाई, सुनेऐवजी कामावर घेतलेल्या दोघी बायका, सगळे बघत होते. मूठ जराशी गार लागली. तळाचा भुसा गारच असतो, त्यांनी मनात म्हटलं, आणि मान डोलवली.

“उतरवा,” ते म्हणाले.

त्या दोघी बायकांनी गारा तुडवला. त्यांतली एक पहिल्याच दिवशी पदर नाकाला लावून होती. पण नाकवाल्यांनी पसंत केलेल्या मालाला नाव ठेवणारी ती कोण? अकराव्या दिवशी नाकवाले खड्ड्यावर वाकले, उठले आणि भिंतीला हात घातला. हात अजून तसाच होता. थापी भिंतीवरून अर्धगोल फिरायची आणि मागे एकसारखी, ओली, लकाकणारी पाठ राहायची. तीन भिंती झाल्या. चौथी अर्ध्यावर असताना सून आली, पिशवी दाराशी ठेवली आणि तिथेच थबकली.

“काय गं, आई कशी आहे?”

“बरी आहे.” ती आत आली नाही. “मामंजी, खिडक्या उघडू का?”

“वारा लागला तर भेगा पडतील. चार दिवस बंदच राहू दे.”

“बाहेर दमट आहे मामंजी, वाळणार कशी? आज माझे...” ती बोलता बोलता थांबली. आता पाय दुखून काही उपयोग नव्हता. गारा भिंतीवर चढला होता.

“तुझं काय?”

“काही नाही,” असं म्हणून तिनं पदर खोचला आणि घमेलं उचललं.

गिलावा झाल्यावर नवव्या दिवशी बाईंचा निरोप आला. नाकवाले गेले तर उत्तरेच्या भिंतीवर, खाली जमिनीलगत, हिरवट काळे ठिपके उठले होते. वाटाण्याएवढे, काही नुसते टिंबाएवढे. बाईंनी चष्मा पदराला पुसून पुन्हा पाहिलं.

“ही बुरशी ना?”

“ओल आहे बाई. हवाच तशी आहे. सावलीच्या भिंतीला पहिल्यांदा येतं असं थोडंसं, भिंत वाळली की मरतं. चुन्याचा एक हात मारतो. चुन्यापुढे बुरशीचं काही चालत नाही.”

यात खोटं काही नव्हतं. चुना बुरशीला जाळतोच. पण बोलताना त्यांना स्वतःचा आवाज भुसेवाल्यासारखा वाटला. त्यांनी चुना विझवला, गाळला, दोन हात दिले. खोली पांढरीशुभ्र झाली. गिरणीवाले काठी टेकत बघायला आले, दारातून आत पाऊल टाकलं आणि त्यांना जो खोकला लागला तो अंगणात येऊन पाणी पिईपर्यंत थांबला नाही. “चुन्याचा ठसका,” नाकवाले म्हणाले. गिरणीवाल्यांनी हातानंच बरं बरं म्हटलं, कारण बोलायला श्वास नव्हता.

पाचव्या दिवशी पांढऱ्या चुन्यातून ठिपके वर आले. आता चारही भिंतींवर होते, छातीच्या उंचीपर्यंत. या वेळी बाईंचा पुतण्या आला होता, तोच बोलला.

“काकू, मी आधीच सांगत होतो. खरवडून काढा आणि सिमेंट मारा. मातीची भिंत ती, तिला बुरशी येणारच. आता हे काम करणारी माणसंही म्हातारी झाली.”

तो हे नाकवाल्यांच्या देखत बोलला, आणि त्यांच्याकडे न बघता बोलला. नाकवाल्यांनी जमिनीवर पडलेला खडा पायानं बाजूला सारला. मातीला बुरशी येत नाही, असं त्यांच्या अगदी जिभेवर आलं होतं. माती खाऊन बुरशी जगत नाही. ती जगते मातीत घातलेल्या भुशावर, आणि तोही आधीच सडका असेल तर. चाळीस वर्षं ते हे शिकवत आले होते. पण मग पुढचा प्रश्न आला असता, की भुसा पसंत कुणी केला?

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच गेले. बाई देवदर्शनाला गेल्या होत्या, गिरणीवाले खुर्चीत पेंगत होते. नाकवाल्यांनी खोलीचं दार लोटलं, खुरप्यानं भिंतीचा एक ढलपा काढला आणि तो फोडला. आत भुशाची काडी राखाडी होती. बोटांत धरताच तिचं पीठ झालं. त्यांनी तो ढलपा नाकाशी धरला, दोन्ही हातांनी, तोंड बुडवून. जोरानं श्वास ओढला. पुन्हा ओढला. भिंत समोर सडत होती आणि त्यांना ती कळत नव्हती. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

“ते टाका खाली, मामंजी. छातीत जाईल.”

सून दारात उभी होती. त्यांनी तोंडावर लागलेली माती बाहीनं पुसली.

“बघत होतो,” ते म्हणाले. “जरा कुबट येतोय वास.”

“जरा?” ती म्हणाली. “फाटकापासून येतोय.”

नाकवाल्यांनी ढलपा खाली ठेवला. सून आत आली, एकामागून एक चारही खिडक्या उघडल्या आणि पाठ त्यांच्याकडे ठेवूनच बोलली.

“गेल्याच्या गेल्या वर्षी दूध लागलं होतं. पातेलं काळं झालं होतं पार. मी दुसरं तापवेपर्यंत तुम्ही तेच प्यालात, आणि आज दूध छान आटलंय म्हणालात.”

“तेव्हापासून?”

“तेव्हापासून.”

“म्हणजे तुझे ते पाय...” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. एकेक दिवस त्यांच्या डोळ्यांपुढे आला. डाकबंगल्याची भिंत, पाय. दवाखान्याची पडवी, पाय. कंबर धरेल म्हणाली ती शाळेची खोली. तो गारा आणखी दोन दिवस ठेवला असता तर पार कुजला असता. दोन वर्षांतली प्रत्येक चांगली भिंत हिच्या नाकानं झाली होती, आणि त्यांनी तिला आळशी म्हटलं होतं.

“मला सांगायचं नाहीस?” ते ओरडलेच. “सासऱ्याला खेळवत होतीस?”

ती वळली. “सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी थापी उचलली असतीत?”

ते खिडकीच्या कट्ट्यावर बसले. बाहेर पेरूच्या झाडाखाली कोंबड्या माती उकरत होत्या. तिकडेच बघत ते म्हणाले, “हे कुणाला सांगायचं नाही.”

“आजवर कुणाला सांगितलंय?”

हे तिनं रागानं म्हटलं नाही, म्हणून ते जास्तच लागलं.

बाई आल्यावर नाकवाल्यांनी एवढंच सांगितलं की भुसा खराब निघाला, चूक माझी, सगळा गिलावा उतरवून नव्यानं करून देतो. भुसा कसा पसंत केला, हे त्यांनी सांगितलं नाही. बाईंनी थोडा विचार केला. “पुतण्याला मी थांबवते,” त्या म्हणाल्या. “पण आणखी एकदा असं झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही. ह्यांना मी किती दिवस खुर्चीत बसवू?”

खरवडायला सहा दिवस लागले. कोरडी बुरशी उडू नये म्हणून सून आधी चुन्याचं पाणी मारायची, मग दोघं तोंडाला ओली फडकी बांधून खुरप्यांनी गिलावा उतरवायची. स्वतःच्या हातानं केलेलं काम स्वतःच्याच हातानं पाडायचं, त्यानं अंग फार दुखतं. थापीचे अर्धगोल खुरप्याखाली तुटून पडत. नाकवाल्यांचे खांदे भरून आले, बोटांच्या पेरांत चुना जाऊन चिरा पडल्या. सून रोज घमेली भरभरून माळावर नेऊन टाकी. तिच्या पायांबद्दल ती एक अक्षर बोलली नाही, आणि आता ते खरोखर दुखत असणार, हे त्यांना दिसत होतं.

चौथ्या दिवशी ते ओसरीवर पाणी प्यायला बसले. गिरणीवाले खुर्चीत होते. दोन-दोन शब्दांनंतर थांबत ते म्हणाले,

“मला आला होता वास. पहिल्याच दिवशी. छातीला आधी कळतं.”

“मग बोलला का नाही?”

गिरणीवाले हसले. “तुम्ही होतात ना. मला वाटलं, नाकवाल्यांना चालतोय म्हणजे असाच असतो. मी कशाला माझं नाक मध्ये खुपसू?”

नाकवाल्यांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. त्यांना तुडवणारी ती बाई आठवली, पदर नाकाला लावलेली. भुसेवाला आठवला, त्यालाही ठाऊक असणारच. सगळ्यांना वास येत होता. एकट्या त्यांना येत नव्हता, आणि त्यांच्यामुळे सगळे गप्प बसले होते. या माणसाचा श्वास कोंडला तोही त्यांच्या मान डोलवण्यानं. त्या दिवशी ते दुपारचे जेवले नाहीत.

नवा भुसा आणायला ते सुनेला बरोबर घेऊन गेले. गोदामात हात त्यांनी खुपसला, मूठ त्यांनी काढली, आणि मग ती नकळत धरावी तशी तिच्या बाजूला धरली. तिनं खोकल्यासारखं केलं. त्यांनी मूठ टाकली. तिसऱ्या गंजीला ती खोकली नाही. भुसेवाल्याला काही कळलं नाही, पण परतताना नाकवाल्यांना आपलीच किळस आली. सोंगात आता तिलाही ओढलं होतं.

गारा कालवला. या खेपेस त्यात चुन्याची निवळी घालायची ठरवली, भिंतीवर चढवायच्या आदल्या दिवशी, मुरणं पुरं झाल्यावर. आधी घातली तर मुरायचंच थांबतं. म्हणजे दिवस चुकवून चालणार नव्हता. पाऊसही एकदाचा गेला होता आणि सकाळी हवेत बोचरा गारवा येऊ लागला होता. गिरणीवाले शालीवर शाल घेऊन ओसरीवर रात्र काढत होते.

अकरावा दिवस उजाडला. निवळी आज घालायची की नाही ते ठरवायला खड्ड्याशी सगळे जमले. बाई आल्या, पुतण्या खिशात हात घालून उभा राहिला, कामावरच्या दोघी बायका घमेली घेऊन आल्या. गिरणीवाल्यांची खुर्चीसुद्धा अंगणात आणून ठेवली होती. नाकवाल्यांनी गारा चिमटीत घेतला. तार धरत होता. रंग बरोबर होता. बोटं सांगत होती, झाला.

त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले आणि ते वाकले. सगळे गप्प झाले. डोळे मिटले तेव्हा त्यांना पलीकडून सुनेचा आवाज ऐकू आला, नेहमीचा, हळू.

“मामंजी, आज माझे पाय...”

पुतण्या हसला. “घ्या! काम काढलं की ह्यांचे पाय दुखणार.”

तुडवणाऱ्या बायकाही हसल्या. सुनेनं मान खाली घातली. दोन वर्षं ती असली बोलणी ऐकत आली होती, आणि त्यांत नाकवाल्यांचं बोलणं सगळ्यांत लागट असायचं.

ते सरळ उभे राहिले. कंबरेत कळ आली, ती जाईपर्यंत थांबले.

“पायांचं राहू दे, सूनबाई,” ते म्हणाले. “वासाचं सांग. आणि मोठ्यानं सांग, सगळ्यांना ऐकू जाऊ दे.”

तिनं चमकून वर पाहिलं.

“सांग. मला वास येत नाही, बाई,” ते मास्तरीणबाईंकडे वळून म्हणाले. “दोन हिवाळे झाले. तो सडका भुसा मी मान डोलवून घेतला, तो असाच. आणि त्याआधीच्या भिंती चांगल्या निघाल्या त्या हिच्या नाकामुळे. मी फक्त वाकत होतो.”

पुतण्यानं खिशातले हात बाहेर काढले आणि ते कुठे ठेवावेत हे त्याला कळेना. गिरणीवाले खुर्चीत पुढे सरकून बसले.

सून खड्ड्याशी आली. तिनं गुडघ्यांवर हात ठेवले नाहीत की डोळे मिटले नाहीत. सरळ उकिडवी बसली, हात घालून तळचा गारा वर काढला आणि त्याचा वास घेतला.

“कच्चा आहे,” ती म्हणाली. मग घसा साफ करून पुन्हा, मोठ्यानं, “तळाशी अजून गवताचा वास येतोय. आंबट व्हायला हवा. दोन दिवस लागतील.”

बाईंनी सवयीनं नाकवाल्यांकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघता?” नाकवाले म्हणाले. “तिनं सांगितलं ना, दोन दिवस.”

बायका घमेली उचलून गेल्या. नाकवाले खड्ड्याच्या काठावर बसले, पायातली चप्पल काढली, धोतर गुडघ्यांवर खोचलं आणि चौदा वर्षांनी पहिल्यांदा गाऱ्यात उतरले. गारा फार थंड होता. सून काही म्हणणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

“तू बस तिथे वर. दुखतायत ना पाय?”

“दुखतायत,” ती म्हणाली, आणि काठावर बसली.